केशवराव इमारती ओळखतात

केशवराव मेश्राम आंघोळीला निघाले होते. टॉवेल खांद्यावर, एक पाय दाराबाहेर, अशा अवस्थेत त्यांनी मोबाइल पाहिला आणि ते तसेच मागे येऊन पलंगावर बसले. त्या दिवशी त्यांची आंघोळ जेवणानंतर झाली. पोस्टाच्या नोकरीत कधी लेट मार्क न खाल्लेल्या माणसाची आंघोळ जेवणानंतर होते म्हणजे प्रकरण साधं नाही, हे त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी ताडलं आणि दुसरा चहा टाकला.

प्रकरण खरंच साधं नव्हतं. केशवरावांवर मोबाइलची मदत घेतल्याचा आरोप झाला होता आणि तो प्रत्यक्ष व्याह्यांनी केला होता.

केशवरावांची मुलगी भावना नागपूरला दिलेली. तिचे सासरे चंद्रकुमार गजभिये रेल्वेतून निवृत्त झाले होते, आणि रेल्वेचा पास ही काय चीज असते ते साऱ्या देशाला दाखवून द्यायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. महिना-दीड महिन्यात ते कुटुंबकबिला घेऊन कुठेतरी जात, फोटो काढत आणि 'दोन्ही घरचे' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून खाली लिहीत, 'ओळखा पाहू'. या ग्रुपवर दोन्ही घरच्यांखेरीज केशवरावांच्या शेजारचे किराणा दुकानदार भैयाजीही होते. ते त्यात कसे आले हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण आता काढायचं कसं म्हणून राहून गेले होते.

चंद्रकुमारांची फोटोची एक पक्की पद्धत होती. सगळ्यांच्या तोंडावर ऊन पाहिजे, सगळ्यांचे पाय आले पाहिजेत आणि घरातलं कोणी सुटता कामा नये. इमारत आली तर आली. ती उन्हाच्या चुकीच्या बाजूला उभी असेल तर तो दोष ती बांधणाऱ्या बादशहाचा. त्यामुळे त्यांच्या फोटोंत इमारत कमी आणि गजभिये जास्त असत. मधोमध स्वतः चंद्रकुमार काळा गॉगल लावून उभे, आजूबाजूला मुलं, सुना, जावई, साळे, साडू, आणि या सगळ्यांच्या डोक्यांमधून जे काही चार बोटं उरेल ते जगप्रसिद्ध स्थळ.

आणि तेवढ्यावरून केशवराव ते ओळखत. विहीणबाईंच्या अंबाड्यावर एक गोलाई दिसली की लिहीत, 'गोल घुमट, विजापूर'. दोन कोपरांच्या मध्ये दगडी चाकाचा एक आरा दिसला की 'कोणार्क'. त्या रविवारी अकरा गजभिये एका लाल भिंतीला पूर्ण झाकून उभे होते आणि लाल दगडात बसवलेली पांढरी पट्टी तेवढी एका जावयाच्या खांद्यावर डोकावत होती. चहा निवायच्या आत केशवरावांनी लिहिलं, 'हुमायूनचा मकबरा, दिल्ली'. त्यावर आपल्या 'इवाई'ला, म्हणजे व्याह्याला, चंद्रकुमारांनी उत्तर दिलं. "आजकाल मोबाइललेच फोटो दाखवला का तो नाव सांगते म्हणे. इवाई, तुमचा मोबाइल लय हुशार दिसते." खाली दात काढून हसणारी पिवळी तोंडं होती. ती केशवरावांना जास्त लागली.

आता केशवरावांना ही विद्या कुठून आली ते सांगायला हवं. ती पोस्टातून आली. त्यांच्या टेबलावर आयुष्यभर तिकिटं आली. तिकिटांवर स्तूप होते, किल्ले होते, मिनार होते, देवळं होती. दुसऱ्याचं पत्र वाचणं हा गुन्हा आहे, तिकीट पाहणं हा नाही, आणि केशवराव कायद्याच्या आत राहून पोटभर पाहत. शिक्का मारायची वेळ आली की त्यांचा हात अडखळे. नियम असा की तिकीट काळं झालं पाहिजे. केशवराव ते असं काळं करीत की नियम कोपऱ्यात बसावा आणि घुमट वाचावा. साहेबांनी यावरून त्यांना समज दिली होती, ती त्यांनी मान खाली घालून घेतली आणि पुढचा मिनारही वाचवला. बाहेरगावाहून येणारी तिकिटं मात्र असं मन नसलेल्या लोकांनी बदडलेली असत. त्या काळ्या वर्तुळाखालून कुठली कमान डोकावते ते शोधायची त्यांच्या डोळ्यांना सवय लागली. आता काळ्या वर्तुळाच्या जागी गजभिये आले होते, एवढाच फरक.

यातली एकही इमारत त्यांनी प्रत्यक्ष पाहिली नव्हती. कारण केशवरावांना गाडी लागते. बस लागते, जीप लागते, मोटार लागते. रेल्वेत लागत नाही असं लोक सांगत, पण केशवरावांना वरठीच्या स्टेशनावर नुसती उभी असलेली रेल्वे बघूनही पोटात कसंतरी होई. आपल्या शहापूर गावाहून भंडाऱ्याच्या पोस्टात ते जन्मभर सायकलने गेले. भावनाला भेटायला नागपूरला जाणं हे घरात ऑपरेशनसारखं ठरवलं जाई, आणि ते सहसा पुढे ढकललं जाई.

या गाडी लागण्यात विमलाबाईंचं एक स्वप्न अडकून पडलं होतं. त्यांना सांचीचा स्तूप पाहायचा होता. कॉलनीच्या महिला मंडळाची बस दोनदा सांचीला गेली. दोन्ही वेळा विमलाबाईंनी वाटेसाठी डबाभर चिवडा करून दिला, बस हायवेवर वळेपर्यंत हात हलवला आणि घरी परतल्या. "जाईन तं संगच जाईन," एवढं त्या एकदा म्हणाल्या होत्या. नंतर तो विषय त्यांनी काढला नाही. पण बस परतली की शेजारच्या कुंताबाईंना बसवून सगळं ऐकत, आणि कुंताबाईंचं सांगून झालं की म्हणत, पुन्हा सांग.

आरोपाच्या संध्याकाळी चंद्रकुमारांचा फोन आला. ते स्वभावाने वाईट नव्हते, पण ग्रुपवर चेष्टा करून भागलं नाही की फोनवर करीत. समोरासमोर परीक्षा होऊन जाऊ दे, ते म्हणाले. मोबाइल बाजूला ठेवायचे, मोठे फोटो छापून आणायचे, पाच फोटो. "पाचही वळखले तं तुमी म्हणान तिथं घेऊन जातो, दोघायलेही. नाही वळखले तं ग्रुपवर लिहा, का मोबाइलनं सांगतलं म्हणून. बोला, कुठं जाता?"

केशवराव संतापलेले होते. संतापलेल्या माणसाच्या तोंडून जे वर्षानुवर्षं कानावर पडलेलं असतं तेच निघतं. त्यांच्या तोंडून निघालं, "सांची."

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. हरलो तर अब्रू जाते आणि जिंकलो तर गाडीत बसावं लागतं. विमलाबाई दारात उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची बॅग अंगणात उन्हात उघडी पडलेली दिसली. ही कायले काढली, असं केशवरावांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बुरशी धरते जी. ऊन दाखवून राहिली."

बॅग दिसल्यावर कॉलनी जागी झाली. शहापुरात कुणाला काही होत असलं की औषध सांगायला माणसं कमी पडत नाहीत. कुंताबाई म्हणाल्या, लिंबू हुंगत राहायचं आणि खिडकीबाहेर बघायचं नाही. दुसरं कोणी म्हणालं, खिडकीबाहेरच बघायचं आणि लिंबू चाटायचं. भैयाजींनी शपथेवर सांगितलं की शर्टाच्या आत पोटावर वर्तमानपत्र बांधलं की गाडी लागत नाही, त्यांच्या साल्याला दहा वर्षांपासून लागलेली नाही. पुढे त्यांनीच आपल्या मालाच्या टेम्पोतून गोसीखुर्द धरणापर्यंत सराव-फेरीही ठरवली. केशवराव पोटाला वर्तमानपत्र बांधून, नाकाला लिंबू लावून, तांदळाच्या पोत्यांपुढच्या सीटवर बसले. भैयाजींनी त्यांना रमवायला बोलत राहावं असं ठरलं होतं, आणि ते बोलले, पण विषय निघाला तो डालड्याच्या भावाचा. भंडारा यायच्या आत केशवरावांनी गाडी थांबवायला लावली. धरण पाहायचं राहिलं. ते हायवेच्या कडेने पायी घरी आले, आणि दर पावलाला त्यांच्या पोटातून कागद वाजत होता. आंघोळीच्या वेळी बघितलं तर घामाने पोटावर धानाचे बाजारभाव उलटे उमटलेले होते. ते साबणाने गेले नाहीत.

इकडे परीक्षेचा पसारा वाढत चालला होता. केशवरावांचा बेत साधा होता. अंगणात दोन सतरंज्या, पाच फोटो, चहा. पण भैयाजी म्हणाले, अब्रूचा निवाडा अंगणात होत नसतो, कॉलनीचं समाजमंदिर घ्या. समाजमंदिराच्या समितीला अर्ज पाहिजे होता आणि अर्जात कार्यक्रमाचा प्रकार लिहायला चारच पर्याय होते: धार्मिक, लग्न, तेरवी आणि सभा. केशवरावांनी 'सभा' लिहिलं तर सचिव म्हणाले, सभेला अध्यक्ष लागतो, त्याचं संमतिपत्र जोडा. 'धार्मिक' म्हणावं तर कशाचं धार्मिक, याचा खुलासा मागणार. अखेर सचिवांनीच तोडगा काढला. व्याही येणार आहेत ना, मग लग्नात टाका, कोणी विचारत नाही. कोणी विचारलं नाही हे खरं. पण अर्ज बघून मांडववाला आपणहून आला आणि दारावर 'शुभविवाह' असं लाइटिंग लावून गेला. ते बघून वरठीच्या कारखान्यातून ड्युटी सुटलेली ओळखीची माणसं मोटरसायकली लावून आत आली आणि पंगत कधी बसते ते विचारू लागली. विमलाबाईंनी मोठं गंज काढलं आणि वरण-भात टाकला. केशवरावांना आपल्या सरळमार्गी आयुष्यात असा दिवस का यावा हे कळेना.

चंद्रकुमार सहकुटुंब आले. फोटो नातवाने चंद्रकुमारांच्या मोबाइलमधून निवडले होते आणि ते भंडाऱ्याच्या एका स्टुडिओतून मोठे छापून, पाकिटात बंद करून सरळ समाजमंदिरात पोचवलेले होते. पाकीट कुणीच उघडलं नव्हतं, त्यांनीही नाही. त्यात त्यांचा प्रामाणिकपणा होता आणि पुढच्या गोंधळाचं मूळही त्यातच होतं. न्यायाधीश म्हणून भैयाजींनी स्वतःची नेमणूक केली. सगळ्यांचे मोबाइल गोळा करून तांदळाच्या रिकाम्या ड्रममध्ये टाकले आणि वर झाकण लावून कुंताबाईंना बसवलं. ड्रम तसा अगदी रिकामा नव्हता, त्यामुळे अधूनमधून तांदळातून रिंगटोन वाजे आणि कुंताबाई झाकणावर आणखी दाबून बसत.

पहिले दोन फोटो केशवरावांनी उभ्या उभ्याच उडवले. तिसऱ्यात तर नुसते पाय होते, कारण तो नातवाने काढला होता. पण त्या पायांतल्या जोड्यांवर पांढऱ्या कापडी पिशव्या चढवलेल्या होत्या आणि खाली संगमरवर होता. "ताजमहाल," केशवराव म्हणाले, आणि मघा पंगतीची चौकशी करणारी मंडळी पुढे सरकून बसली. चौथ्यात गजभिये कुटुंबाने कमाल केली होती, इमारतीचा मागमूस ठेवला नव्हता. केशवरावांनी फोटो हातात घेतला, खिशातलं जुनं भिंग काढलं. एका साडूच्या कानामागे निळ्या फरशीचा नखाएवढा तुकडा होता. "बिदर. महमूद गवानचा मदरसा," ते म्हणाले, आणि मग त्यांना राहवलं नाही. मिनारावरच्या त्या रंगीत फरश्या थोड्याच उरल्या आहेत, पण ज्या उरल्या त्या कशा उरल्या असतील बघा, इतका पाऊस, इतकं ऊन, असं ते सांगत सुटले. त्यांचा आवाज असा काही मऊ झाला की बिदर कुठे आहे हे माहीत नसलेली माणसंही तिथल्या पावसाची काळजी करू लागली. टाळ्या चंद्रकुमारांनीच आधी वाजवल्या.

मग पाचवा फोटो निघाला. सारे गजभिये, मधोमध गॉगल लावलेले चंद्रकुमार, सगळ्यांच्या तोंडावर ऊन, सगळ्यांचे पाय. आणि मागे एक प्रचंड धबधबा, बर्फाचे डोंगर, आणि लाल-पिवळी विलायती फुलं.

सगळ्यात जास्त चकित चंद्रकुमार झाले. या ठिकाणी आपण कधी गेलो हे त्यांना आठवेना. भावनाने पुढे होऊन पाकिटात हात घातला तर स्टुडिओवाल्याची चिठ्ठी निघाली. मागे नुसतं झाड येत होतं, फॅमिली फोटो आहे म्हणून चांगलं बॅकग्राउंड टाकून दिलं आहे, त्याचा वेगळा चार्ज नाही, असं त्याने कळवलं होतं.

लोक हसले, मग भांडले. कुणी म्हणालं, धबधब्याचंच नाव सांगा. भैयाजी उठून उभे राहिले आणि निकाल दिला. "हा फोटो बाद. चार झाले, बराबरी समजा. दोघायचीही इज्जत राह्यली, कोणाले कुठं जाणं नाही का येणं नाही. चला, भात निवून राह्यला."

केशवरावांना वाटलं, भैयाजींच्या गळ्यात पडावं. अब्रूही वाचली होती आणि गाडीही टळली होती. इतका न्याय्य निवाडा त्यांनी कधी ऐकला नव्हता. माणसं सतरंजीवरून उठू लागली. विमलाबाई हातात पळी घेऊन स्वयंपाकाच्या दाराशी उभ्या होत्या. 'बाद' हा शब्द त्यांनी ऐकला, पदराने हात पुसला आणि त्या भात वाढायला आत वळल्या. कुठलीही नाराजी नाही. हायवेवर वळलेल्या बसकडे बघून ज्या चालीने त्या घरी परतत, त्याच चालीने त्या आत गेल्या.

फोटो गुंडाळून ठेवावा म्हणून केशवरावांनी हातात घेतला. पण जन्माची सवय. हातात आलेलं चित्र डोळ्याशी न नेता ठेवून देणं त्यांना जमत नसे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंग धरलं आणि शिक्क्याखालचं तिकीट बघावं तसा तो फोटो बघितला. धबधबा खोटा, फुलं खोटी. स्टुडिओवाल्याने मागचं सगळं पुसलं होतं. मात्र चंद्रकुमारांचा गॉगल पुसायचं त्याला सुचलं नव्हतं. त्या दोन काळ्या काचांमध्ये, तिकिटाहूनही लहान, दोन खांब उभे होते. खांबांवर तीन आडवे दगड, टोकांना वळलेले.

आता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटो बाद झाला होता. केशवरावांनी तो गुंडाळला असता तर जगात कुणाचं काही बिघडणार नव्हतं. त्यांच्या पोटावरचे बाजारभाव अजून पुरते गेलेले नव्हते. त्यांनी दाराकडे पाहिलं. आतून भात वाढायचा आवाज येत होता.

"थांबा," केशवराव म्हणाले. "हे सांची व्हय."

सगळे थांबले. केशवरावांनी चंद्रकुमारांच्या हातात भिंग दिलं. चंद्रकुमारांनी स्वतःचाच गॉगल बराच वेळ न्याहाळला. मग त्यांनी कुंताबाईंना ड्रमवरून उठवलं, तांदूळ झटकून मोबाइल काढला आणि मूळ फोटो शोधला. मागे कडुनिंबाचं झाड होतं. त्यांना सगळं आठवलं. स्तूपाच्या दारातल्या दगडी तोरणासमोर उभे राहिले तर तोंडावर सावली येत होती, म्हणून त्यांनी सगळ्यांना उलटं फिरवलं होतं आणि सांचीचं तोरण फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी ठेवलं होतं.

"इवाई," चंद्रकुमार म्हणाले, "मी तिथं जाऊन आलो, तरी फोटोत आणलं नाही. तुमी माह्या डोळ्यावरून पाह्यलं." आणि रेल्वेत इतकी वर्षं काढलेल्या त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने चारचौघांत केशवरावांचे दोन्ही हात धरले. ग्रुपवरच्या पिवळ्या तोंडांखाली त्यांनी तिथल्या तिथे 'चुकलो' असं लिहिलं. विमलाबाई पळी घेऊन पुन्हा दारात आल्या होत्या. पळीतलं वरण खाली सांडत होतं, ते त्यांना कळत नव्हतं.

प्रवासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. वरठीला गाडीत बसल्यापासून केशवराव लिंबू नाकाशी धरून जे वाकले ते वाकलेच. पोटावर वर्तमानपत्र होतं, खाली वर्तमानपत्र होतं, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. पण चंद्रकुमार सगळ्या वाटेने त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. दर स्टेशनावर उतरून पाणी आणत होते, तोंड धुवायला लावत होते, आता थोडंच राहिलं म्हणून खोटं सांगत होते. व्याह्यासाठी एवढं कोण करतं, असं केशवरावांच्या मनात दर उलटीनंतर येत होतं. भोपाळपासून पुढे मोटार होती. तिच्याविषयी तर बोलायलाच नको.

टेकडीवर पोचल्यावर विमलाबाईंनी त्यांना हाताला धरून चालवलं. ते मान खाली घालून, वाटेचे दगड बघत आले. एका जागी त्या थांबल्या म्हणून ते थांबले आणि त्यांनी मान वर केली. तोरण समोर होतं. वर बघावं तितकं वर जात होतं. खांबांवर हत्ती होते, घोडे होते, झाडं होती, माणसांची गर्दी होती, आणि ती सगळी उन्हात स्वच्छ उभी होती. कुठेही काळं वर्तुळ नव्हतं. मागे स्तूपाचा घुमट असा शांत होता, जणू त्याला कुठे जायचंच नव्हतं. केशवरावांच्या पोटातलं सगळं कुठल्या कुठे गेलं.

"वळखा पाहू," विमलाबाई म्हणाल्या.

"तिकिटावर एवढुसंच होतं व," केशवराव म्हणाले. मग ते एकेका दगडापाशी थांबत चारही तोरणं फिरून आले. विमलाबाई त्यांच्या मागोमाग होत्या, आणि कुंताबाईंनी सांगितलेलं सगळं खरं होतं पण कमी होतं, हे मनात पक्कं करत होत्या.

इकडे चंद्रकुमारांनी ऊन बघून सगळ्यांना ओळीत लावायला सुरुवात केली होती. मग त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं आणि त्यांनी सगळ्यांना बाजूला केलं. "नोका उभे राहू कोणी," ते म्हणाले. "इवायाले बिल्डिंगचा फोटो काढू द्या, अख्खी."

केशवरावांनी मोबाइल काढला. अख्खं तोरण चौकटीत बसलं होतं. ज्यासाठी त्यांनी आयुष्यभर शिक्का कोपऱ्यात मारला ते समोर होतं, मध्ये एकही माणूस नव्हता. त्यांनी मोबाइल खाली केला.

"तू मधात उभी राय," ते विमलाबाईंना म्हणाले.

"तोरण झाकते ना जी."

"झाकू दे."

विमलाबाई पदर सारखा करून अगदी मधोमध उभ्या राहिल्या. केशवरावांनी त्यांच्या तोंडावर ऊन आहे का बघितलं, आणि पाय येतील असा फोटो काढला.